तान्ह्याला घेऊन पृथ्वीप्रदक्षिणा: तिकीट सगळ्यात शेवटी

कार्तिकेयाच्या मोराला व्हिसा लागत नव्हता, आणि गणपतीने आईवडिलांभोवती फेरी मारून विषयच मिटवला. मुंबईहून वर्षा-दीड वर्षाचं मूल कडेवर घेऊन जगाला वळसा घालायचा तर या दोघांच्या मधली वाट काढावी लागते. बहुतेक जण ती चुकीच्या टोकाकडून काढायला घेतात: आधी तिकिटाचा सौदा, मग व्हिसाची धावपळ, आणि बाळाच्या खाण्याझोपेचा विचार बॅग भरताना. क्रम उलटा हवा. मुलाचा दुसरा वाढदिवस, व्हिसांच्या मुदती आणि पूर्वेला निघायचं की पश्चिमेला, एवढं कागदावर पक्कं झालं की मार्गाचे दोन-तीनच पर्याय उरतात. पैसे भरायचे ते त्यानंतर.

वाढदिवसापासून सुरुवात करू. दोन वर्षांखालच्या मुलाला मांडीवर बसवून नेलं, तर आंतरराष्ट्रीय प्रवासात साधारणपणे मोठ्यांच्या भाड्याच्या १० टक्के लागतात. जगप्रदक्षिणेच्या तिकिटातही हाच हिशेब असतो; २ ते ११ वर्षांच्या मुलाला स्वतंत्र सीट आणि ७५ टक्के. म्हणजे मूल दोन वर्षांचं होण्याच्या आत परतलात तर खर्चात मोठा फरक पडतो, आणि म्हणूनच 'तेविसाव्या महिन्यात जाऊन येऊ' असा मोह होतो. हा मोह महाग पडतो. वाटेत दुसरा वाढदिवस आला तर पुढच्या प्रत्येक सेक्टरला, म्हणजे एकेका उड्डाणाला, मुलाला स्वतःची सीट लागतेच. काही कंपन्या त्याहून पुढे जाऊन पूर्ण प्रवासाचं तिकीट मुलाच्या दराने मागतात. तिकीट काढतानाच हे ईमेलवर लिहून घ्या, फोनवरच्या 'हो मॅडम, चालेल'ला काउंटरवर किंमत नसते.

पैशांचं बाजूला ठेवलं तरी १३ ते २४ महिने हाच सगळ्यात अवघड काळ. मूल बॅसिनेटमध्ये, म्हणजे विमानातल्या छोट्या पाळण्यात, मावत नाही, चालायला शिकलेलं असतं, पण गोष्ट ऐकून किंवा व्हिडिओ बघून तासभर बसण्याइतकं मोठं नसतं. सोपी वयं दोनच: ९ ते १२ महिने, म्हणजे गोवरची पहिली लस झाल्यानंतर आणि पाय फुटण्याआधी, नाहीतर सरळ अडीच वर्षांनंतर. मधल्या वयात जायचंच असेल तर १५ महिन्यांपुढच्या मुलासाठी पहिल्या दिवसापासून सीट विकत घ्या. चौदा तास मांडीवर अकरा किलो, याचा हिशेब भाड्यातल्या बचतीत कुणी धरत नाही.

तिकीट कसं बांधलेलं असतं

एकाच तिकिटावर जग फिरण्याचं भाडं विमान कंपन्यांच्या आघाड्या देतात. मुंबईकरांसाठी सोयीच्या दोन: स्टार अलायन्स, जिच्यात एअर इंडिया २०१४ पासून आहे, शिवाय लुफ्थान्सा, सिंगापूर एअरलाइन्स, युनायटेड, एएनए, आणि वनवर्ल्ड, जिच्यात भारतीय कंपनी नाही, पण ब्रिटिश एअरवेज, कतार एअरवेज, कॅथे पॅसिफिक आहेत. स्टारचं भाडं एकूण मैलांच्या टप्प्यांवर चालतं. वनवर्ल्डकडे खंडांच्या संख्येवर आधारलेला प्रकारही आहे. स्टारचे ढोबळ नियम असे: ज्या देशातून निघालात त्याच देशात संपवायचं, अटलांटिक आणि पॅसिफिक प्रत्येकी एकदाच ओलांडायचे, दिशा एकच ठेवायची, कमीत कमी १० दिवस, जास्तीत जास्त एक वर्ष, आणि उड्डाणं १६ पर्यंत. एखाद्या गावी २४ तासांहून जास्त थांबलात की तो थांबा मोजला जातो. त्याच्या आत पुढचं विमान पकडलंत तर तो नुसता ट्रान्झिट.

१५ थांबे मिळतात म्हणून १५ घेऊ नका. लहान मूल असेल तर पाच. उदाहरण म्हणून एक मार्ग: मुंबई–फ्रँकफर्ट–न्यूयॉर्क (नेवार्क)–सॅन फ्रान्सिस्को–टोकियो–सिंगापूर–मुंबई. हे सुमारे २१,४०० मैल होतात आणि हवेतले तास ४७-४८. आता कुणीतरी म्हणतं, 'एवढं जातोच आहोत तर सिडनीला मावशीकडे दोन आठवडे.' टोकियोनंतर सिडनी घातलं की बेरीज जाते २६,८०० च्या आसपास. २६,००० चा टप्पा ८०० मैलांनी ओलांडला, की पूर्ण कुटुंबाचं भाडं पुढच्या टप्प्याचं, २९,००० मैलांचं, होतं. टोकियो गाळून सॅन फ्रान्सिस्कोहून थेट सिडनी केलं, तर तीच बेरीज २४,३०० वर येते, पण पॅसिफिकचं उड्डाण चौदा-पंधरा तासांचं होतं. मावशी की पाठ, हे ज्याचं त्याने ठरवावं.

थांबे तीन-चारच असतील तर सुटी तिकिटं कधी कधी स्वस्त पडतात. दोन्ही किमती शेजारी मांडून बघा. पण सुट्या तिकिटांत पहिलं विमान उशिरा आलं आणि दुसरं चुकलं, तर दुसरी कंपनी हात वर करते. एका तिकिटावर पुढची सोय करणं कंपनीचं काम असतं. मूल बरोबर असताना या सोयीसाठी थोडे जास्त मोजणं मला पटतं. उलट बाजूही लक्षात ठेवा: मधला एखादा सेक्टर न कळवता सोडलात, समजा न्यूयॉर्कहून पुढे गाडीनेच गेलात, तर त्यापुढची सगळी उड्डाणं रद्द होऊ शकतात. आधी कळवून तारीख बदलणं सोपं असतं. मार्ग बदलणं म्हणजे फी आणि तिकीट नव्याने.

बाळ रेकॉर्डवरून गळतं

सहा सेक्टर, तीन-चार कंपन्या. प्रत्येक कंपनीच्या संगणकात तुमची नोंद वेगळी आणि तिचा सहा अक्षरी पीएनआरही वेगळा. तिकीट देणाऱ्याने दिलेला पीएनआर हा फक्त त्याचा. म्हणून पहिलं काम: प्रत्येक उड्डाणासाठी प्रत्यक्ष विमान चालवणाऱ्या कंपनीचा पीएनआर मागून घ्या आणि त्या कंपनीच्या साइटवर तो उघडून बघा. तिथे तुमच्या नावाखाली बाळाचं नाव दिसलं पाहिजे. यंत्रणेत ही नोंद 'आयएनएफटी' या कोडने जाते आणि ती कन्फर्म व्हावी लागते. कोडशेअर विमानात एक कंपनी विकते आणि दुसरी उडवते; विकणारीकडे बाळ दिसतं, उडवणारीकडे नाही, हा नेहमीचा घोळ.

दुसरी मेख तिकीट क्रमांकात. ई-तिकिटाचा क्रमांक १३ आकडी असतो आणि एका क्रमांकात चारच कूपन मावतात, एका उड्डाणाचं एक. सहा उड्डाणं म्हणजे प्रत्येक माणसाचे दोन क्रमांक, आणि मांडीवरच्या बाळाचेही दोन. मध्येच कंपनीने वेळापत्रक बदललं की मोठ्यांची तिकिटं नव्याने निघतात आणि बाळाचं तसंच जुनं राहून जातं. ते कळतं कुठे, तर चेक-इन काउंटरवर, रात्री साडेअकराला. वेळ बदलल्याचा ईमेल आला की तिघांचे क्रमांक पुन्हा तपासा. तिन्हींच्या पुढे नवीन तारीख आहे ना, एवढंच बघायचं.

बॅसिनेट आणि जेवण यांचंही तेच. एका कंपनीला सांगितलेलं दुसरीला पोचत नाही, प्रत्येकीला फोन करावा लागतो. बॅसिनेट भिंतीसमोरच्या रांगेतच लागतं, मोजकी असतात, आणि वजनाची मर्यादा कंपनीगणिक साधारण १० ते १४ किलो. वजनाइतकीच लांबीही बघा, काही मुलं वजनात हलकी आणि पायाने लांब निघतात. सीटबेल्टचा दिवा लागला की झोपलेल्या बाळाला उचलून मांडीवर घ्यावंच लागतं, त्यामुळे 'बॅसिनेट मिळालं, आता नऊ तास सुटलो' असं समजू नका. एका रांगेत किती तान्ही बसू शकतात हे जास्तीच्या ऑक्सिजन मास्कवर ठरतं. म्हणून दोन कुटुंबं बरोबर जात असतील तर बाळं वेगवेगळ्या रांगांत बसवली जातात, त्यावर वाद घालून उपयोग नसतो.

नावाची भानगड खास आपली. पासपोर्टच्या नावाच्या रकान्यात आपल्याकडे बऱ्याचदा मुलाचं नाव आणि वडिलांचं नाव दोन्ही लिहिलेलं असतं. तिकीट काढताना वडिलांचं नाव गाळलं जातं, किंवा ते आडनावाच्या रकान्यात जाऊन बसतं. पासपोर्टच्या तळाशी बाणांच्या खुणांच्या ज्या दोन ओळी असतात, त्यांतलं नाव जसंच्या तसं तिकिटावर हवं.

व्हिसा पूर्वेला ओढतो, झोप पश्चिमेला

आधी मुलाचा पासपोर्ट. तो ५ वर्षांचाच मिळतो. १ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांना जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो, दुसरं काही चालत नाही. दाखल्यावर मुलाचं नाव आहे ना ते बघा. बारशाआधी काढलेल्या दाखल्यावर नावाची जागा कोरी असते आणि ती महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात जाऊन भरून घ्यावी लागते. आईवडील दोघांच्या सह्यांचं 'अ‍ॅनेक्शर डी' हे संमतिपत्र जोडायचं.

फोटोचे आकार वेगळे: अमेरिकेला ५१ बाय ५१ मिलिमीटर, शेंगेनला, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांच्या सामाईक व्हिसाला, ३५ बाय ४५. तान्ह्याला पांढऱ्या चादरीवर उताणं झोपवून वरून काढा, चेहऱ्यावर कुणाच्या हाताची सावली नको, डोळे उघडे हवेत. आणि गालावरची तीट पुसा. आजीला वाईट वाटेल, पण डाग दिसणारा फोटो परत येऊ शकतो.

आता क्रम. अमेरिकेचा व्हिसा सगळ्यात आधी, कारण मुलाखतीची तारीख मिळायला महिने लागू शकतात. तो भारतीयांना सहसा १० वर्षांचा मिळतो, म्हणून लवकर काढून ठेवला तर नुकसान नाही. पूर्वी १४ वर्षांखालच्या मुलांना मुलाखतीतून सूट मिळायची. सप्टेंबर २०२५ पासून ती सरसकट राहिलेली नाही, तेव्हा बाळालाही घेऊन बीकेसीतल्या वकिलातीत जायचं आहे असंच धरून चला. आणि अमेरिकेत नुसतं विमान बदलायचं असलं तरी व्हिसा लागतो. तिथे ट्रान्झिटलाही इमिग्रेशन होतं, बॅगा पट्ट्यावरून उचलून पुन्हा द्याव्या लागतात. बाबागाडी, बाळ आणि चार बॅगा धरून अडीच तासांचं कनेक्शन पुरत नाही. चार तास ठेवा.

शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो, त्याच्या आधी नाही. फी मोठ्यांना ९० युरो, ६ वर्षांखालच्या मुलांना काहीच नाही, १२ वर्षांखाली बोटांचे ठसेही नाहीत. विमा किमान ३०,००० युरोंचा हवा आणि बाळाच्या नावाने हवा. निर्णयाला १५ दिवस धरतात, गर्दीत ४५ पर्यंत जातात, आणि तेवढे दिवस पासपोर्ट तिकडेच अडकलेला असतो. एका वेळी एकच वकिलात, त्यामुळे कॅलेंडर मागून पुढे मांडा.

खरा पेच जपानचा. त्याचा साधा, एकदाच प्रवेशाचा व्हिसा निघाल्यापासून ३ महिन्यांत वापरावा लागतो आणि अर्ज राहत्या देशातूनच करायचा असतो. म्हणजे युरोप, अमेरिका करत करत चौथ्या महिन्यात टोकियोला पोचायचा बेत असेल, तर मुंबईत काढलेला व्हिसा वाटेतच संपतो. म्हणजे व्हिसाचं गणित सांगतं: पूर्वेला निघा, जपान आधी उरका, शेंगेन शेवटी ठेवा.

झोप नेमकी उलटं सांगते. माणसाचं आतलं घड्याळ २४ तासांहून किंचित लांब चालतं, त्यामुळे दिवस लांबवणं, म्हणजे पश्चिमेला जाणं, सोपं पडतं. वरच्या मार्गावर उन्हाळ्यात पश्चिमेला निघालात तर घड्याळ असं मागे सरकतं: फ्रँकफर्टला ३.५ तास, न्यूयॉर्कला ६, सॅन फ्रान्सिस्कोला ३, टोकियोला ८, सिंगापूरला १, आणि मुंबईला २.५. बेरीज बरोबर २४. हाच तो दिवस, जो पॅसिफिकवर वाररेषा ओलांडताना कॅलेंडरमधून गळतो. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून ९ तारखेला रात्री पावणेबाराला निघणारं विमान टोकियोला ११ च्या पहाटे उतरतं. १० तारीख जवळजवळ नाहीच. हॉटेल १० चं बुक करून ठेवणारे दरवर्षी सापडतात. पूर्वेला, टोकियोहून अमेरिकेकडे, निघालात तर उलट, निघण्याच्या आधीच्या वेळेला पोचता.

पश्चिमेला गेलेलं मूल संध्याकाळी सहाला पेंगतं आणि पहाटे तीनला खेळायला उठतं. त्रास होतो, पण सावरता येतं. पूर्वेला गेलेलं मूल रात्री बारापर्यंत जागं राहतं आणि सकाळी उठवलं की किंचाळतं. ढोबळ मानाने सरकलेल्या प्रत्येक तासाला एक दिवस लागतो. म्हणून मुक्कामाच्या रात्री किमान तेवढ्या ठेवा: न्यूयॉर्कला ६ रात्री, टोकियोला ८. तीन रात्रींचा मुक्काम फक्त सॅन फ्रान्सिस्को आणि सिंगापूरला शोभतो.

माझं मत सरळ आहे. प्रवास आठ-नऊ आठवड्यांचा असेल तर पश्चिमेला निघा, जपानचा व्हिसा सगळ्यात शेवटी, निघण्याच्या दोन-तीन आठवडे आधी काढा. त्याहून लांबचा बेत असेल तर एकतर जपान गाळा, नाहीतर पूर्वेला निघून पहिल्या आठवड्यातल्या जागरणांची तयारी ठेवा. दोन्ही दगडांवर पाय ठेवून चौथ्या महिन्यात जपान गाठायला जाऊ नका. सिंगापूरला नुसतं विमान बदलायचं असेल आणि बॅगा थेट मुंबईपर्यंत टॅग झाल्या असतील, तर तिथल्या व्हिसाची कटकट लागत नाही. बाहेर पडायचं असेल तर व्हिसा काढा आणि बाळाचंही अरायव्हल कार्ड पोचण्याच्या ३ दिवस आधीपासून ऑनलाइन भरा.

एकटी आई किंवा एकटे बाबा मुलाला घेऊन जात असतील तर दुसऱ्याचं नोटरी केलेलं संमतिपत्र जवळ ठेवा. आईने लग्नानंतर आडनाव बदललं नसेल तर जन्मदाखल्याची प्रतही. मुंबईच्या दाखल्यावर इंग्रजी मजकूर असतो, वेगळं भाषांतर लागत नाही.

खाणं

उडत्या विमानात ८,००० फूट उंचीच्या जवळपास असतो तेवढाच हवेचा दाब असतो आणि तिथे पाणी ९२ अंशांच्या आसपास उकळतं. गॅलीतून, म्हणजे विमानातल्या स्वयंपाकघरातून, थर्मासमध्ये येईतो ते आणखी निवतं. त्यामुळे घरून नेलेला भाजलेला रवा किंवा तांदूळ-मुगाची भरड त्यात शिजत नाही, नुसती भिजते. वरून मऊ, आत कच्ची, आणि तीन तासांनी पोट फुगलेलं मूल. विमानात तेच चालतं जे आधीच शिजलेलं आहे. पोहे हे उकडून चेपलेल्या भाताचेच असतात, आणि डाळवंही भाजून पूर्ण झालेलं. चार वाट्या जाड पोहे मंद आचेवर कुरकुरीत होईपर्यंत परता, एक वाटी डाळवं आणि चमचाभर जिरं घाला, थंड झाल्यावर बारीक दळून चाळा. तीन टेबलस्पून पूड, दीडशे मिली कडक पाणी, झाकण लावून दहा मिनिटं. वर्षाखालच्या बाळाला मीठ-साखर नको. पुड्या एकेका वेळच्या करा. विमानात उजव्या हाताने मूल धरून डाव्याने मोजमाप जमत नाही.

दूध-पावडर आणि बाळाचं खाणं १०० मिलीच्या नियमातून वगळलेलं असतं, पण तपासणीला बाहेर काढून दाखवावं लागतं. अमेरिकेकडे जाताना ३५० मिलीहून जास्त पूड हातातल्या सामानात असेल तर जादा तपासणी होते, म्हणून मोठा डबा चेक-इनमध्ये टाका. दुधासाठी गॅलीतल्या नळाऐवजी बाटलीबंद पाणी गरम करून मागा.

तूप युरोपात नेता येत नाही. युरोपीय संघ प्रवाशांच्या सामानातल्या दूध आणि मांसाच्या पदार्थांना मनाई करतो. सूट आहे ती बाळाच्या दूध-पावडरीला आणि बाळाच्या अन्नाला, २ किलोपर्यंत, कंपनीच्या बंद पाकिटात. म्हणजे फॉर्म्युला चालेल, आजीच्या कढवलेल्या तुपाची बरणी आणि खव्याचे पेढे नाही. खसखस घातलेले अनारसे किंवा लाडू दुबई आणि सिंगापूर या दोन्ही वाटांवर जवळ बाळगू नका. तिथे खसखस अमली पदार्थांत मोडते. बाळगुटीच्या मुळ्या ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला नेल्या तर उतरताना जाहीर करा. न्यूझीलंडमध्ये न सांगता आणलेल्या साध्या सफरचंदालाही ४०० डॉलर जागच्या जागी दंड होतो. सुकं खोबरं तर मुंबईहूनच सामानात टाकता येत नाही, ते पेट घेणाऱ्या मालात धरतात.

जेवणाच्या मागणीत 'एव्हीएमएल' म्हणजे हिंदू शाकाहारी, 'सीएचएमएल' मुलांचं, 'बीबीएमएल' तान्ह्यांचं. एव्हीएमएल मुलांना तिखट लागतं. मोठ्यांनी ते घ्यावं, मुलासाठी दुसरं. डायपरचा हिशेब घर ते हॉटेल: तास भागिले दोन, अधिक चार. फ्रँकफर्टसाठी सोळा तास धरले तर बारा. बाळाचे दोन आणि तुमचा प्रत्येकी एक जादा कपडा, हे सगळं डोक्यावरच्या कप्प्यात नाही, पायाशी.

औषधं, कान

यात गोंधळ होतो तो पॅरासिटामॉलच्या मिलीत. भारतात थेंबांची बाटली १ मिलीत १०० मिलिग्रॅमची मिळते, सिरप ५ मिलीत १२० किंवा २५० चं. अमेरिकेत मुलांचं द्रव औषध ५ मिलीत १६० मिलिग्रॅमचं. १० किलोच्या मुलाला डॉक्टरांनी १५० मिलिग्रॅम सांगितलं, तर आपल्या थेंबांतून ते दीड मिली होतं आणि अमेरिकन बाटलीतून साधारण ४.७ मिली. 'दीड मिली द्यायचं' एवढंच लक्षात ठेवून तिकडची बाटली घेतली तर मूल तापाने फणफणतच राहतं. उलटी चूक, म्हणजे आपल्या थेंबांतून ४.७ मिली, धोकादायक आहे. म्हणून चिठ्ठीवर मिलिग्रॅम लिहून घ्या आणि पूर्ण प्रवासाला पुरेल इतकी एकाच ताकदीची बाटली घरून न्या. ओआरएसच्या पुड्या २०० मिलीच्या घ्या. लिटरच्या पुडीतली चिमूट काढून पेल्यात घालणं म्हणजे क्षारांचं प्रमाण अंदाजावर सोडणं. सर्दीची औषधं जपानला नेऊ नका, स्यूडोएफेड्रिनवर तिथे कडक मर्यादा आहे. झोप यावी म्हणून अ‍ॅलर्जीचं सिरप पाजण्याचा सल्ला शेजारपाजारून हमखास मिळतो. काही मुलं त्याने उलट चेकाळतात, आणि ते औषध त्यासाठी नाहीच.

कान दुखतात ते उतरताना. विमान जमिनीला लागण्याच्या साधारण अर्धा तास आधीच खाली यायला लागतं. बाटली किंवा अंगावरचं दूध तेव्हा सुरू करा, चाकं बाहेर आल्यावर नाही. मूल झोपलं असेल तर उठवा, झोपेत गिळण्याची क्रिया कमी होते.

दक्षिण अमेरिका मार्गात असेल तर पीतज्वराची लस बघा. प्रमाणपत्र दहाव्या दिवसापासून लागू होतं, नऊ महिन्यांखाली लस देत नाहीत, आणि पीतज्वराचा धोका असलेल्या देशांतून प्रमाणपत्राविना भारतात परतलात तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. तान्हं असताना तो खंड सोडून देणं शहाणपणाचं.

टी-टू, रात्री दोन

मुंबईहून बाहेरची बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर '१५ मे, ०२:१०' असेल तर घरातून १४ च्या रात्री निघायचं. हे वाचायला बाळबोध वाटतं, पण विमान चुकण्याचं हे जुनं आणि जोमदार कारण आहे. अ‍ॅक्वा लाइन मेट्रोचं स्टेशन टी-टूलाच आहे, मात्र त्या वेळेला मेट्रो बंद झालेली असते. डोंबिवली-विरारकडून येणाऱ्यांनी तर साडेआठलाच गाडी काढावी. नवी मुंबईचं विमानतळही आता सुरू झालंय, तेव्हा तिकिटावर 'बीओएम' (मुंबई) आहे की 'एनएमआय' (नवी मुंबई) ते बघून टॅक्सी सांगा.

बाळाला घरीच, नेहमीच्या वेळेला, नेहमीच्या अंगाईने झोपवून रात्रीच्या कपड्यांत न्या. बाबागाडी छत्रीसारखी मिटणारी, हलकी घ्या. ती विमानाच्या दारापर्यंत नेऊन टॅग लावून देता येते, पण उतरल्यावर काही विमानतळांवर दारात मिळते, काहींवर थेट पट्ट्यावर. टॅग लावणाऱ्याला विचारा, आणि झोळीसारखं कॅरियर पोटाशी ठेवाच. अमेरिकेत भाड्याची गाडी घेणार असाल तर कारसीट तिथेच भाड्याने घ्या. आपल्याकडच्या सीटवर युरोपीय मानकाची खूण असते, तिथल्या रस्त्यांवर अमेरिकन मानकाची लागते.

परतीचं सिंगापूर–मुंबई हे साडेपाच तासांचं, सगळ्यात छोट्या सेक्टरपैकी एक, म्हणून हातातली पिशवी तेव्हा रिकामी केलेली असते. परत येण्याचा महिना जून ते सप्टेंबर असेल तर मुंबईवर ढग दाटून विमान अहमदाबादला किंवा हैदराबादला उतरवलं जाऊ शकतं, आणि प्रवाशांना आतच बसवून ठेवतात. चार डायपर, पोह्यांच्या दोन पुड्या आणि भरलेला थर्मास शेवटच्या सेक्टरसाठी राखून ठेवा.